फाईलचा सातबारा

हॉस्टेलवर राहणाऱ्या माणसाला ‘ही बादली कोणाची?’ हा प्रश्न नवा नाही. बादली एक, तिच्यावर ऑइलपेंटने लिहिलेलं ‘एस. पी.’, आणि मजल्यावर एस. पी. दोन! मग सकाळी, पाणी जायच्या आत, जे महाभारत घडतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याची बादली.

लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकताना कधी कधी हेच भांडण होतं. फरक एवढाच, की तिथे आवाज चालत नाही. ‘ट्राइंग टू ओव्हरराइट’ अशी सुरू होणारी एक ओळ स्क्रीनवर येते आणि काम जागच्या जागी थांबतं. ही ओळ आली की आपल्याकडे दोन उपाय प्रसिद्ध आहेत. पहिला, सरळ फॉरमॅट मारणे. दुसरा, मोबाईलवर प्रश्न टाकून जी पहिली कमांड मिळेल ती डोळे मिटून चिकटवणे. पहिल्यात सबमिशनच्या फाईली जातात आणि दुसऱ्यात काय जातं ते चार महिन्यांनी कळतं!

मित्रांनो, या दोन्हींच्या मधला एक तिसरा रस्ता आहे. तो मला लॅबमध्ये नाही, तर पेणला काकांच्या गणपतीच्या कारखान्यात नीट समजला. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडं तांत्रिक. कॉम्प्युटरच्या मंडळींनी हा भाग सोडला तरी चालेल. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी आणि स्टाफपैकी ज्यांना रस असेल त्यांनी मात्र वाचावा, कारण यात प्रोग्रॅमिंगपेक्षा तलाठ्याचं काम जास्त आहे.

१९९३ साली सुरू झालेलं डेबियन आणि त्याच्यावर उभं असलेलं उबुंटू ही आपल्या परिचयाची लिनक्सं. त्यांच्यात सॉफ्टवेअर येतं ते पॅकेज म्हणून. पॅकेज म्हणजे फाईलींचं गाठोडं. कुठली फाईल कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायची हे त्या गाठोड्यातच ठरलेलं असतं. गाठोडं सोडून फाईली जागेवर ठेवण्याचं काम डीपीकेजी नावाचा प्रोग्रॅम करतो. आपण कमांड देतो ती बहुतेक वेळा एपीटीला, पण एपीटी हा साहेब. तो फक्त काय काय आणायचं ते ठरवतो. प्रत्यक्ष दप्तर सांभाळतो तो डीपीकेजी.

आणि दप्तर खरोखरच असतं! ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो’ या फोल्डरमध्ये प्रत्येक पॅकेजच्या नावाची एक साधी यादी असते. या पॅकेजने कुठे कुठे काय ठेवलं, ते ओळीने लिहिलेलं. उघडून वाचता येतं. मी त्याला फाईलचा सातबारा म्हणतो. गावात जमीन कोणाची हे बांधावर उभं राहून ओरडल्याने ठरत नाही, उताऱ्यावर नाव कोणाचं त्यावर ठरतं. इथेही तसंच.

उपमा अजून थोडी ताणता येते. फोल्डर म्हणजे गावाचं गायरान. ‘/यूएसआर/बिन’ हा फोल्डर शेकडो पॅकेजं वापरतात, प्रत्येकाच्या यादीत त्याचं नाव असतं आणि कोणाची तक्रार नसते. पण फाईल म्हणजे खातेदाराचा तुकडा. तिला मालक एकच. (एकाच पॅकेजच्या ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन जाती शेजारी बसवल्या तर त्यांच्यात सामाईक फाईल चालते, पण ती दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखी पाहिजे.) एका पत्त्यावर एकच फाईल राहू शकते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसं. म्हणून नवीन पॅकेज जेव्हा दुसऱ्याच्या नावावर असलेल्या पत्त्यावर आपली फाईल ठेवायला जातं, तेव्हा डीपीकेजी त्याला अडवतो आणि सांगतो, ‘तू जी फाईल पुसून लिहायला निघालायस, ती अमुक पॅकेजच्या नावावर आहे.’

आता नीट बघा. या एका ओळीत तीन गोष्टी आहेत: फाईलचा पूर्ण पत्ता, नवा येणारा कोण, आणि आधीचा मालक कोण. इतकी स्पष्ट तक्रार तर मेसच्या वहीतसुद्धा कोणी लिहीत नाही! आपण मात्र ‘एरर’ हा शब्द वाचतो आणि पुढचं वाचतच नाही.

आता कारखान्याकडे वळतो. पेणचे गणपती कोणाला माहीत नाहीत? आमच्या काकांचा कारखाना लहानसा, घराच्या पाठीमागच्या पडवीत वाढवत वाढवत नेलेला. शाडूच्या मूर्ती, पूर्वापार गिऱ्हाईक. रोह्याला आत्या असते. तिच्या ओटीवर दरवर्षी रोहा-अष्टमी आणि आसपासच्या गावांचं बुकिंग होतं. ते माझा आतेभाऊ बघतो. काकांकडे एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर डेबियन टाकलेलं आहे आणि मूर्तींची नोंद लिब्रेऑफिसच्या एका शीटमध्ये असते: नंबर, नाव, गाव, मूर्तीची उंची, आगाऊ रक्कम, बाकी. त्याच शीटवरून चिठ्ठ्या छापायच्या आणि मूर्तीच्या पाटाखाली चिकटवायच्या.

चतुर्थीला तीन आठवडे होते. मी दोन दिवसांच्या सुट्टीवर घरी. पाऊस बदाबदा, पडवीत रंगाचा वास, डोळ्यांची आखणी चाललेली. (त्या वेळी कारखान्यात मोठ्याने बोलायचं नाही, हा काकांचा नियम.) काका हळूच म्हणाले, “अरे, त्या प्रिंटरचं बघ जरा. कालपर्यंत छापत होता. काल रात्री कॉम्प्युटरने अपडेट मागितलं, मी हो म्हटलं, तेव्हापासून मुका झालाय. परवा रोह्याचा टेम्पो भरायचाय.”

बघतो तर काय, अपडेट अर्ध्यात अडकलेलं. लिनक्सवर छपाई करते ती कप्स नावाची व्यवस्था. तिच्या मदतीला ‘कप्स-फिल्टर्स’ नावाचं पॅकेज असतं. त्याची नवी आवृत्ती आत यायला निघाली होती आणि दारातच अडली होती. तक्रार अशी, की ‘/यूएसआर/लिब/कप्स/फिल्टर/पीडीएफटूपीएस’ ही फाईल प्रिंटरच्या ड्रायव्हरच्या नावावर आहे. त्यामुळे बाकीची छपाईची पॅकेजंही उघडून अर्धवट पडलेली. छपाई बंद.

आता गंमत अशी, की ही फाईल मुळात कप्स-फिल्टर्सचीच. पीडीएफचं पोस्टस्क्रिप्ट करणं हे तिचं काम. मग ती ड्रायव्हरच्या नावावर गेली कशी? काकांना विचारलं. ते म्हणाले, “प्रिंटर बसवायला माणूस आला होता ना, तेव्हाही असंच काहीतरी आलं होतं. तो म्हणाला, थांबा, जबरदस्तीने बसवतो. आणि बसला की!”

हीच ती प्रसिद्ध कमांड. ‘--फोर्स-ओव्हरराइट’. हिचा अर्थ, ‘तक्रार ऐकली, तरी पण ठेव.’ बळी तो कान पिळी! प्रिंटर कंपनीने आपल्या पॅकेजमध्ये स्वतःची एक जुनी पीडीएफटूपीएस घालून दिली होती. जबरदस्ती केल्यावर डीपीकेजीने दोन गोष्टी केल्या. एक, जुन्या मालकाची फाईल काढून तिथे नवी ठेवली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. उताऱ्यावरचं नाव बदललं. कप्स-फिल्टर्सच्या यादीतून ती ओळ गेली आणि ड्रायव्हरच्या यादीत आली. म्हणजे नुसतं अतिक्रमण नाही, तर कागदोपत्री मालकी बदलली, आणि जुन्या मालकाला पत्ता नाही!

यातला धोका बघा. त्या दिवशी काहीच बिघडलं नाही, उलट प्रिंटर चालू झाला. पण उद्या कोणी हा प्रिंटर बदलला आणि ड्रायव्हर काढून टाकला, तर डीपीकेजी प्रामाणिकपणे त्याच्या नावावरच्या सगळ्या फाईली पुसणार, आणि त्यात पीडीएफटूपीएससुद्धा जाणार. कप्स-फिल्टर्स बसलेलं दिसेल, पण आतली एक फाईल गायब. तेव्हा शोधून शोधून डोकं फिरेल, आणि कारण मात्र कित्येक महिन्यांपूर्वीचं! जबरदस्तीचं नुकसान जबरदस्तीच्या दिवशी कधीच दिसत नाही.

मी काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण कोणाला तरी उपयोगी पडेल.

पहिलं, बुकिंगची शीट पेनड्राइव्हवर घेतली. पॅकेजच्या भांडणात आपल्या फाईली सहसा सापडत नाहीत, पण तीन आठवड्यांवर चतुर्थी असताना ‘सहसा’वर विसंबून चालत नाही.

दुसरं, ‘डीपीकेजी -एस’ (कॅपिटल एस) आणि पुढे फाईलचा पत्ता. याने उताऱ्यावर आज नाव कोणाचं ते कळतं. नाव आलं ड्रायव्हरचं.

तिसरं, ‘डीपीकेजी -एल’ (हाही कॅपिटल) आणि पुढे ड्रायव्हरचं नाव. याने त्याच्या ताब्यात अजून काय काय आहे ते कळतं. बाकीच्या फाईली त्याच्या स्वतःच्याच होत्या. भांडण एकाच फाईलवर होतं.

चौथं, विचार! ड्रायव्हर खरंच लागतो का? हल्लीचे बरेच प्रिंटर कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय, ठरलेल्या समान पद्धतीने कप्सशी बोलतात. हाही त्यातलाच निघाला. म्हणजे ज्याच्यासाठी एवढी जबरदस्ती केली, त्याची गरजच नव्हती.

पाचवं, ‘डीपीकेजी -आर’ने ड्रायव्हर काढला. त्याच्याबरोबर ती जुनी फाईलही गेली. मग ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. अडलेलं कप्स-फिल्टर्स आत आलं, आपली पीडीएफटूपीएस घेऊन आलं आणि तिच्यावर पुन्हा त्याचं नाव लागलं. अर्धवट पडलेली पॅकेजं एकामागून एक मार्गी लागली. प्रिंटर नव्याने जोडला. पहिली चिठ्ठी बाहेर आली. काका म्हणाले, “झालं? एवढंच होतं?”

एवढंच होतं. पण मित्रांनो, सगळी भांडणं अशी एकतर्फी नसतात. इथे फाईल कोणाची हे स्पष्ट होतं. जिथे दोघंही खरे असतात तिथे काय करायचं? याचा विचार डेबियनच्या लोकांनी फार बारकाईने केलेला आहे.

पहिला प्रकार असा, की फाईल खरोखरच एका पॅकेजमधून दुसऱ्यात हलवलेली असते. २०१२ साली कप्सची १.६ आवृत्ती आली तेव्हा छपाईचे बरेचसे फिल्टर कप्समधून निघून वेगळ्या कप्स-फिल्टर्समध्ये गेले. अशा वेळी नवीन पॅकेज बांधणारा त्यावर ‘रिप्लेसेस’ आणि ‘ब्रेक्स’ असे दोन शेरे मारतो. मी अमुक पॅकेजच्या अमुक आवृत्तीपर्यंतच्या फाईली घेतोय, आणि ती जुनी आवृत्ती आता माझ्याबरोबर चालणार नाही, असं तो जाहीर करतो. डीपीकेजी हे वाचतो आणि मुकाट्याने नाव बदलतो. हा झाला रीतसर फेरफार. वरच्या जबरदस्तीत आणि यात परिणाम वरवर सारखाच. पण इथे पॅकेज बांधणाऱ्याने विचार करून नोंद केलेली असते.

दुसरा प्रकार म्हणजे दोन पॅकेजं एकच काम करतात. उदाहरणार्थ ऑक. हे काम मॉकही करतो आणि गॉकही. मग ‘/यूएसआर/बिन/ऑक’ हे नाव कोणाचं? कोणाचंच नाही! तिथे फक्त एक पाटी असते, आणि ती पाटी आज कोणाकडे बोट दाखवते हे ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ने ठरवायचं. रेक्टर सरांच्या केबिनवर ‘रेक्टर’ अशी पाटी असते. सर बदलतात, पाटी तीच राहते.

तिसरा प्रकार सोयीचा, पण स्थानिक. आपल्या मशीनवर एखादी फाईल बाजूला सरकवून तिथे दुसरी ठेवायचीच असेल, तर ‘डीपीकेजी-डायव्हर्ट’. याने जुनी फाईल दुसऱ्या नावाने शेजारी ठेवली जाते, आणि त्या पॅकेजच्या पुढच्या आवृत्त्याही त्याच शेजारच्या जागी जातात. रस्त्याचं काम चालू असताना वाहतूक वळवतात ना, तसं. आणि वळवल्याची नोंद दप्तरात असते.

चौथा प्रकार सगळ्यात अवघड. काम वेगळं, माणसं वेगळी, आणि नाव मात्र तेच! आपण रोज वापरतो ते गिट लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिहिलं. पण त्याच्या आधीपासून ‘ग्नू इंटरॅक्टिव्ह टूल्स’ नावाचा एक संच होता आणि त्याचीही कमांड गिटच. त्यामुळे डेबियनमध्ये टोरवाल्ड्सच्या गिटला कित्येक वर्षं ‘गिट-कोअर’ या नावाने राहावं लागलं. जुन्या संचाचं नाव बदललं, आणि २०११ च्या डेबियन ६ मध्ये ‘गिट’ हे पॅकेजचं नाव याला मिळालं.

नोडची कथा तर अजून रंगतदार. २००९ साली नोडजेएस आलं आणि त्याची कमांड ‘नोड’. पण हौशी रेडिओवाल्यांचा ‘नोड’ नावाचा प्रोग्रॅम डेबियनमध्ये आधीपासून होता. फोल्डर वेगळा, ‘/यूएसआर/एसबिन’, पण हाक मारायचं नाव तेच. रेडिओवाले म्हणणार आम्ही आधीचे, नोडजेएसवाले म्हणणार आम्हाला वापरणारे जास्त. दोघांचंही बरोबर!

डेबियनच्या पॉलिसीत कलम १०.१ मध्ये यावर एक नियम आहे. वेगळं काम करणारे दोन प्रोग्रॅम एकाच नावाने ठेवता येणार नाहीत. दोन्ही बाजूंनी बसून कोणी नाव बदलायचं ते ठरवावं. एकमत झालं नाही तर दोघांनीही नाव बदलावं! २०१२ साली डेबियनच्या तांत्रिक समितीने असाच निकाल दिला. रेडिओवाला झाला ‘एएक्स२५-नोड’, आणि दुसऱ्याला ‘नोडजेएस’ असं पूर्ण नाव घ्यावं लागलं. त्याचा त्रासही झाला. सगळ्या जगाचे प्रोग्रॅम ‘नोड’ शोधायचे आणि डेबियन-उबुंटूवर ते सापडायचं नाही. पुढे २०१७ साली समितीने आपला निकाल मागे घेतला आणि नोडजेएसला ‘नोड’ हे नाव वापरायची मोकळीक मिळाली.

हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो बालिश वाटला होता. दोन मुलं भांडली की आई दोघांचाही खेळ काढून घेते, तसला. त्यातलं शहाणपण कळायला मात्र रोह्याचा टेम्पो यावा लागला.

झालं असं, की प्रिंटर सुरू झाल्यावर चिठ्ठ्या छापायला घेतल्या. काकांची यादी छापली. आतेभावाने रोह्याची यादी मोबाईलवर पाठवली होती. हिशेब बघणाऱ्या मुलाने ती त्याच शीटमध्ये नंबराप्रमाणे भरली होती. छापलेल्या चिठ्ठ्या मी पावती पुस्तकाशी ताडून बघत होतो. पेणच्या पुस्तकात ४२ नंबरला पेणमधल्याच एका आजींचं नाव होतं. छापून आलेल्या ४२ नंबरच्या चिठ्ठीवर मात्र अष्टमीच्या एका घराचं नाव!

कारण उघड होतं. पेणचं पुस्तक १ पासून सुरू, रोह्याचंही १ पासून सुरू. शीटमध्ये ४२ ची ओळ आधीच भरलेली पाहून त्या मुलाला वाटलं, ही दुरुस्ती असेल. त्याने जुनं नाव पुसून नवं लिहिलं. पुढे शोधलं तर अशी एकोणीस नावं निघाली. एकोणीस घरांचे गणपती कॉम्प्युटरच्या हिशेबाने अस्तित्वातच नव्हते!

हे चतुर्थीच्या आदल्या दिवशी कळलं असतं तर? आजी पावती घेऊन येणार, ४२ नंबर रोह्याला गेलेला. चतुर्थीच्या दिवशी कोणाला ‘नंतर या’ असं सांगता येत नाही हो. शाडूची मूर्ती पावसाळ्यात वाळायला दिवस लागतात, ती एका रात्रीत होत नाही. शिवाय त्या आजींचे यजमान होते तेव्हापासून त्यांच्या घरचा गणपती आमच्याकडून जातो.

काका गप्प बसले. मग म्हणाले, “पूर्वी लोक आपला पाट आणून द्यायचे. पाटावर घराण्याचं नाव घातलेलं असायचं. मूर्ती त्याच पाटावर घडायची. ती कोणाची हे विचारायचं कामच नव्हतं.” खरं आहे. तेव्हा नोंद वस्तूवरच होती. पाट गेला आणि नंबर आला. नंबर ही सोय चांगली, पण एका नंबरला मालक एकच पाहिजे.

पावती पुस्तकांच्या कार्बन प्रतींवरून एकोणीस नावं परत भरली. मग प्रश्न आला नंबर कोणी बदलायचा. काकांचं म्हणणं, कारखाना इथला, नंबर आमचे पहिले. फोनवर आत्याचं म्हणणं, “दादा, मी लोकांना पावत्या दिल्यात, आता घरोघरी जाऊन नंबर बदलत फिरू काय?” दोघंही खरे. बहीणभावाचा आवाज चढायला लागला. तेव्हा मी म्हटलं, “काका, दोघांनीही बदला.” पेणचे सगळे ‘पे’ आणि रोह्याचे सगळे ‘रो’. पे-४२, रो-४२. पावत्या बदलायच्या नाहीत, गिऱ्हाईक आलं की पावती कुठली ते बघायचं.

काकांनी विचारलं, “अरे, मग आपला ४२ तसाच राहू दे, त्यांचाच ‘रो’ कर. काम अर्धं होईल.”

आणि तिथे मला त्या कलमाचा अर्थ उलगडला. एकानेच नाव बदललं तर नुसता ‘४२’ हा शब्द जिवंत राहतो. कोणी रोह्याची जुनी पावती घेऊन ‘४२ द्या’ म्हणाला, की हमाल न विचारता पेणचा ४२ उचलून देणार. दोघांनीही बदललं तर नुसता ४२ कोणाचाच राहत नाही. मग ४२ म्हटलं की समोरच्याला विचारावंच लागतं, ‘पे की रो?’ सगळा फायदा त्या विचारण्यात आहे. नोडच्या निकालात हाच हेतू असेल असा माझा दावा नाही, पण परिणाम तोच. जुनी हाक मारली तर चुकीचा माणूस ‘ओ’ देत नाही.

संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्या नव्याने छापल्या. दुसऱ्या दिवशी पेणहून मेमू पकडून कासू, नागोठणे करत रोह्याला गेलो आणि ‘रो’च्या चिठ्ठ्यांची एक प्रत आत्याच्या हातात दिली. टेम्पो पोचला, मूर्ती उतरल्या, एकेक नाव वाचून खूण केली. चतुर्थीला पे-४२ आजींच्या घरी बसला आणि रो-४२ अष्टमीला.

सांगायचं तात्पर्य, सगळ्याच लिनक्सवर हा प्रश्न एकाच पद्धतीने सोडवत नाहीत. आरपीएम वापरणाऱ्या फेडोरासारख्या प्रणालीत दोन पॅकेजांची फाईल तंतोतंत सारखी असेल तर चालवून घेतात. आर्चचा पॅकमन त्याहून कडक आहे. कोणाच्याच नावावर नसलेली फाईल वाटेत आली तरी तो थांबतो. डीपीकेजी मात्र बेवारस फाईलीवर न विचारता लिहितो, म्हणून स्वतः कंपाइल केलेलं सॉफ्टवेअर ‘/यूएसआर/लोकल’मध्येच ठेवावं. ती जागा पॅकेजांनी आपल्यासाठी सोडलेली आहे. पॅकमनमध्येही पूर्वी सरसकट जबरदस्तीचा ‘--फोर्स’ होता. २०१८ च्या ५.१ आवृत्तीत त्याच्या जागी ‘--ओव्हरराइट’ आला. आता कोणत्या फाईलीवर जबरदस्ती करायची तिचा पत्ता द्यावा लागतो. म्हणजे तिथेही अनुभवाने हेच कळलं, की जोर लावायचाच तर निदान कशावर लावतोय ते बोलून दाखवा.

तेव्हा पुढच्या वेळी ती ओळ आली तर फॉरमॅटची सीडी-पेनड्राइव्ह शोधायच्या आधी तीन प्रश्न विचारा. फाईल कुठली? आज नावावर कोणाच्या? आणि नव्याला ती खरंच हवी आहे का? उत्तरं मिळाली की पुढची कमांड आपोआप सुचते. जबरदस्तीची कमांड शिकायला अर्धं मिनिट लागतं, पण तिने उत्तर मिळत नाही, फक्त प्रश्न विचारणारा गप्प बसतो.

आणि एवढं करूनही नाहीच जमलं, तर त्या ओळीचा फोटो काढा आणि तिसऱ्या मजल्यावर या. बघून देईन. चहा मात्र तुमच्याकडून!